मूळ गावाचा रकाना

अर्ज मी भरला. माझ्याच हाताने, माझ्याच पेनाने, एकही खाडाखोड न करता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की ही इंदुमती देगलूरकर दुसऱ्यांवर आगपाखड करते आणि स्वतःची चूक झाकते. चूक? चूक कसली डोंबलाची! जे खरं ते लिहिलं. त्याला चूक म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मी गोवळकोंडा स्टार्सची मॅनेजर. हैदराबादचा बायकांचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ. चौतीस वर्षं नारायणगुड्याच्या शाळेत पी.टी. शिकवली, रिटायर झाले, आणि बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये भावाच्या कुटुंबाबरोबर गुण्यागोविंदाने राहत होते. एक दिवस प्रियदर्शिनीचा फोन आला. ती या संघाची कोच, आणि कधीकाळची माझी विद्यार्थिनी. म्हणाली, "अक्का, मला बारा मुली सांभाळायला एक खडूस बाई हवी आहे." तोंडावर म्हणाली हो! मी म्हटलं, येते. मॅनेजर म्हणजे काय, तर बसच्या वेळा, हॉटेलच्या खोल्या, बर्फाच्या पिशव्या, कोणाला उपास, कोणाला दूध चालत नाही, आणि कागद. कागदांचं तर विचारूच नका.

त्या बारा जणींत एक माझी भाची. प्रणिता, माझा भाऊ बाळकृष्ण याची मुलगी, वय तेवीस. वशिला म्हणाल तर आधीच कान उपटते. तिची निवड माझ्याआधी चार महिने झाली होती, आणि चाचणीला मी तिच्याबरोबर गेलेसुद्धा नव्हते.

तर अर्ज. लीगचा एक नियम आहे: बारापैकी निदान दोघी त्या त्या राज्याच्या 'नेटिव्ह' असल्या पाहिजेत. बाकीच्या कुठूनही आणा. आमच्याकडे दोघी होत्या, एक सिकंदराबादची शिल्पा आणि दुसरी प्रणिता. उरलेल्या दहा केरळ, पंजाब, बनारस अशा सगळीकडच्या. आता प्रणिताच्या अर्जात नऊ नंबरचा रकाना होता, 'नेटिव्ह प्लेस', म्हणजे मूळ गाव. आठव्यात जन्मस्थळ, तिथे मी हैदराबाद लिहिलं. नवव्यात काय लिहिणार? लिहिलं, देगलूर, तालुका देगलूर, जिल्हा नांदेड. आमच्या घरात हा रकाना कोणी रिकामा ठेवत नाही. माझ्या आजोबांनी तसंच लिहिलं, वडिलांनी लिहिलं, माझ्या नोकरीच्या अर्जातही तेच आहे. पणजोबा देगलूर सोडून इथे वकिली करायला आले त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तिथे आता ना घर, ना शेत, ना ओळखीचं कोणी. मी स्वतः जन्मात एकदा गेले, लहानपणी, आणि मला आठवतो तो फक्त बसस्टँड. पण कोणीही विचारलं, मूळचे कुठचे, की आम्ही देगलूर म्हणणार. त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच कधी वाटलं नाही.

हंगाम सुरू झाला तेव्हा आम्हाला कुत्रंही विचारत नव्हतं. आठ संघ, प्रत्येकी चौदा सामने. पहिले तीन आम्ही ओळीने हरलो. पुरुषांच्या संघाला संध्याकाळचा सराव, एसी चालू. आम्हाला पहाटे साडेपाच, एसी बंद आणि दिवे अर्धे, कारण काय तर "मॅडम, बिल येतं". टीव्हीवर बडबड करणारे दोन गृहस्थ खेळ सोडून आमच्या शिल्पाच्या केसांबद्दल बोलायचे. मी चॅनलला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी लिहिली.

चौथ्या सामन्यात प्रियदर्शिनीने प्रणिताला पहिल्या पाचांत घेतलं. उंची पाच फूट चार. बास्केटबॉलमध्ये म्हणजे बुटकीच. पण ती पॉइंट गार्ड, चेंडू पुढे नेणारी, कोणी कुठे पळायचं ते ठरवणारी. तिथे उंची नाही, डोकं लागतं आणि तोंड लागतं. तोंडाचं म्हणाल तर ते आमच्या घराण्यात कधी कमी पडलेलं नाही. ही पोर पंजाबच्या मुलीवर हिंदीत ओरडायची, शिल्पावर तेलुगूत, आणि स्वतःचा नेम चुकला की मराठीत. पुढच्या अकरांपैकी नऊ सामने जिंकलो. गर्दी वाढली. एक दिवस कोणी न सांगता एसी सुरू झाला. मी जाऊन त्या हॉलच्या माणसाला विचारलं, "काय हो, आता बिल येत नाही का?" तो नुसता हसला.

उपांत्य सामना पुण्याच्या संघाशी, आमच्याच हॉलवर, शनिवारी. पुण्याचे मॅनेजर मुकुंदराव. साठीचे, नीटनेटके, बोलायला साखर. हंगामभर भेटत होतो. शुक्रवारी दुपारी म्हणाले, "इंदुमतीबाई, हॉटेलचं खाऊन जीव विटला हो." मला दया आली. आमची जात... म्हणजे मास्तरणीची जात हो, भुकेलं माणूस बघवत नाही. डबा उघडला. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चा कांदा. दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी. बोटं चाटली. मग म्हणाले, "काय चव आहे! आणि तुमचं मराठी किती छान. इतकी वर्षं इकडे राहून भाषा टिकवलीत, कौतुक आहे तुमचं."

या टिकवण्याची मला भारी चीड आहे. टिकवायला आम्ही काय लोणचं आहोत? आम्ही बोलतो, बस्स. पण त्या दिवशी, खोटं कशाला सांगू, मी फुलले. पुण्याच्या माणसाने मराठीची तारीफ केली की आम्ही हैदराबादी लगेच पाघळतो. मग त्यांनी विचारलं, जे कोणीही दोन मराठी माणसं भेटली की विचारतातच, "तुम्ही मूळचे कुठचे?"

"आम्ही मूळचे देगलूरचे," मी म्हटलं. मान ताठ करून. वर पणजोबांची वकिली, त्यांचं देगलूरहून बैलगाडीने येणं, सगळी कथा ऐकवली. मुकुंदराव ऐकत होते, मान डोलवत होते, भाजी मागून घेत होते.

शनिवारचा सामना मी आयुष्यात विसरणार नाही. सात सेकंद उरले, आम्ही एका गुणाने मागे, चेंडू पुण्याकडे. त्यांची नेहा बडोदेकर, सहा फूट उंच, चेंडू डोक्यावर धरून नुसती वेळ काढत होती. प्रणिता खालून कुठून शिरली देव जाणे, चेंडू ओढला आणि सुटली. मागून धक्का बसला, पडली, शिट्टी. दोन फ्री थ्रो. मी डोळे मिटले. मॅनेजरने मिटू नयेत, पण मिटले. पहिला आत. दुसरा आत. एकोणसत्तर-अडुसष्ट. बारा जणी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या आणि त्यात तेरावी मी. मुकुंदरावांनी येऊन हात मिळवला, म्हणाले, "छान खेळली तुमची पोर."

तासाभरात लीगच्या ऑफिसातून फोन आला. पुणे संघाने तक्रार नोंदवली आहे. प्रणिता देगलूरकर ही तेलंगणाची नेटिव्ह नाही, अर्जातला रकाना क्रमांक नऊ पाहावा. सगळ्यांचे अर्ज सगळ्या मॅनेजरांना बघता येतात. म्हणजे हा माणूस माझी भाकरी खाऊन गेला आणि सरळ जाऊन अर्ज उघडून बसला! तक्रार खरी ठरली तर आमच्याकडे एकच नेटिव्ह, म्हणजे संघ बाद, अंतिम सामन्यात पुणे, आणि नेटिव्ह म्हणून खोटी नोंद केली म्हणून प्रणितावर वर्षभर बंदी. तेविसाव्या वर्षी एक वर्ष बाहेर बसलं तर परत कोण बोलावतं? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

प्रणिता मात्र पायाला बर्फ लावत बसली होती. "आत्या, लाइट ले ना. हैदराबादचीच आहे ना मी? किसीको भी पूछो."

"मी खोटं नाही लिहिलं," मी म्हटलं.

"कोण बोललं खोटं लिहिलीस म्हणून? पण तू देगलूर कायकू लिहिलीस?"

मराठीचं एक पान वाचायला जिला अर्धा तास लागतो, तिला हे 'कायकू', हे 'का', मी कसं समजावू?

रविवारी दहा वाजता सुनावणी. सिकंदराबादच्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावर. टेबलामागे तीन पुरुष, मधले अध्यक्ष दिल्लीहून आलेले. एका बाजूला मुकुंदराव, दुसऱ्या बाजूला मी, प्रियदर्शिनी आणि प्रणिता. बाकीच्या अकरा जणी बाहेर व्हरांड्यात, सरावाच्या कपड्यांत. मी पिशवीभर कागद नेले होते. प्रणिताचा जन्मदाखला, काचीगुड्याच्या दवाखान्याचा. शाळेचे दाखले, आधार, मतदार कार्ड. तिच्या बापाचं, आजोबांचं, आणि माझ्या पणजोबांची इथल्या कोर्टातली वकिलीची सनद, उर्दूत. अध्यक्षांनी सगळं चाळलं आणि बाजूला ठेवलं.

"मॅडम, हे सगळं राहण्याचे पुरावे आहेत. नियमात रेसिडेंट म्हटलेलं नाही, नेटिव्ह म्हटलंय. आणि नेटिव्ह प्लेस तुम्हीच लिहून दिलंय. नांदेड जिल्हा. महाराष्ट्र."

मुकुंदराव उभे राहिले. इतक्या हळू आवाजात बोलले, जसं काही माझ्यावर उपकारच करतायत. "साहेब, बाईंनी परवा स्वतः मला सांगितलं, आम्ही मूळचे देगलूरचे. आणि तुम्हाला मराठी येत नाही म्हणून सांगतो, आमच्याकडे आडनावाला 'कर' लागलं की ते गावाचं नाव असतं. देगलूरकर म्हणजे देगलूरचे. आडनावच पत्ता आहे."

दिल्लीच्या माणसाला हे कळलं नसतं हो कधी. सात जन्मांत कळलं नसतं! सांगायला आपलाच माणूस लागला.

मी उठले. प्रियदर्शिनीने माझा पदर ओढला, मी सोडवून घेतला. "वा, मुकुंदराव! मग तुमची नेहा बडोदेकर? तुमच्या दोन लोकल मुलींतली ती एक ना? बडोदा कुठल्या राज्यात आहे, सांगा साहेबांना. पाठवा तिला गुजरातला!"

त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "तिच्या अर्जात नेटिव्ह प्लेस पुणे लिहिलंय."

म्हणजे बघा. आठ संघांचे शहाण्णव अर्ज, आणि त्या रकान्यात जे विचारलं तेच लिहिणारी मी एकटी मूर्ख. बाकी सगळ्यांनी सोयीचं लिहिलं आणि सुखाने झोपले.

मी अध्यक्षांना म्हटलं, "साहेब, एक ऐका. माझे पणजोबा देगलूरहून इथे आले तेव्हा देगलूर हैदराबाद संस्थानातच होतं. नांदेड, परभणी, औरंगाबाद, सगळं इथूनच चालायचं. ते परराज्यातून नाही आले, तालुक्यातून राजधानीला आले. पुढे छप्पन्न साली तुम्ही लोकांनी रेघ ओढली. देगलूर तिकडे गेलं, आम्ही होतो तिथेच राहिलो. हललो आम्ही का रेघ? पुण्याला जावं तर म्हणतात, तुमची मराठी हैदराबादी. इथे म्हणता, तुम्ही महाराष्ट्राचे. मग आम्ही जायचं कुठे? वर टांगून घ्यायचं का?"

आवाज चढला होता, मान्य करते.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, इतिहास नको. आम्हालाही संघ बाद करायची हौस नाही. अंतिम सामन्याची तिकिटं इथे खपली आहेत." बघा, खरं काय ते निघालंच तोंडातून. मग त्यांनी शेजारच्या माणसाकडून एक आधीच छापून ठेवलेला कागद मागवला. हमीपत्र. रकाना नऊमधली नोंद चुकून झाली. खेळाडूचा आणि तिच्या कुटुंबाचा देगलूर या गावाशी कसलाही संबंध नाही आणि कधीही नव्हता. हे पुढच्या प्रत्येक हंगामाला लागू. खेळाडूने किंवा कुटुंबाने कधीही, कुठेही याच्या उलट सांगितल्याचं आढळलं, तर विजेतेपदसुद्धा काढून घेतलं जाईल. खाली दोन सह्या, खेळाडूची आणि मॅनेजरची.

"कधीही नव्हता?" मी म्हटलं. "हे कसं लिहू? आता नाहीये म्हणा, पण कधीच नव्हता कसं म्हणू?"

"हो किंवा नाही, मॅडम. दहा मिनिटं देतो."

प्रणिताने कागद ओढला. वाचला तरी का कोण जाणे. सही केली, चार सेकंदांत, आणि पेन माझ्यापुढे धरलं. "आत्या, कर ना गं. मी पाहिलंसुद्धा नाही ते गाव. बाहेर सगळ्या उभ्या आहेत."

प्रियदर्शिनीने फक्त दाराकडे बघितलं. काचेतून शिल्पा दिसत होती, भिंतीला टेकून, गुडघ्याला पट्टी. या मुलींनी अर्ध्या दिव्यात पहाटे साडेपाचला पाच महिने सराव केला होता. माझ्या पणजोबांसाठी त्यांना घरी पाठवू? मी कोण लागून गेले?

केली सही. वर 'चुकून' या शब्दावर बोट ठेवून अध्यक्षांनी माझी आद्याक्षरंही घेतली. मुकुंदराव माझ्याकडे न बघता कागद आवरत होते. दारातून जाताना मी त्यांना एवढंच म्हटलं, "अंबाडीची भाजी पचली का?" त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

अंतिम सामना मंगळवारी, चेन्नईशी. आम्ही आठ गुणांनी जिंकलो. जिंकलो कसले, धुऊन काढलं त्यांना. प्रणिताने एकवीस गुण केले आणि अकरा वेळा दुसऱ्यांना करू दिले. माझ्या मते ते अकरा जास्त मोलाचे. झिरमिळ्या उडाल्या, कप आला, मुलींनी प्रियदर्शिनीला उचललं. टीव्हीवाल्यांनी प्रणितापुढे माइक धरला तर ती दखनीत सुरू झाली, आणि समालोचक ओरडला, "अस्सल हैदराबादी छोरी!" सगळा हॉल नाचत होता. तीच छोरी दोन दिवसांपूर्वी पिशवीभर पुरावे देऊनही हैदराबादी नव्हती. मीही नाचले. रागावून नाचता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी घरी कोथिंबीर निवडत होते. प्रणिता समोर उप्पीट खात होती, पाय खुर्चीवर. माझा फोन वाजला, अनोळखी नंबर.

"इंदुमतीबाई बोलायल्यात का? नमस्कार बाई. मी नामदेवराव बोलतोय, देगलूरहून. रिटायर मास्तर आहे. तुमच्या टीमच्या हापिसातून नंबर घेतला."

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. उभ्या जन्मात मला देगलूरहून कोणाचा फोन आला नव्हता. चार पिढ्यांत कोणाला आला असेल असं वाटत नाही.

"बाई, आमच्या शाळेत पोरी बास्केटबॉल खेळायल्यात, दोन वर्षं झाली. लोहाराकडून रिंग करून घेतली अन् लिंबाच्या झाडाला ठोकली. मंगळवारी सगळ्यांनी मिळून मोबाईलवर तुमची फायनल बघितली. त्या पोरीच्या पाठीवर नाव बघितलं, देगलूरकर, अन् बाई, काय सांगू, नुसता कल्ला! तवापासून एकच विचारायल्यात, सर, ही आपल्याकडची का? सर, विचारा ना. मी म्हणलं, विचारून घेऊ. बॅनर छापायला टाकायचाय, पेपरवाला बी इथंच बसलाय माझ्या शेजारी. तुम्ही नुसतं हो म्हणा. ही आपल्या देगलूरची ना?"

फोनचा आवाज मोठा होता. प्रणिताने ऐकलं. तिने ताटली खाली ठेवली, पाय खाली घेतले. चार सेकंदांत सही करणारी ही पोर, डोळे एवढे मोठे करून माझ्याकडे बघत कुजबुजली, "आत्या, लिंबाच्या झाडाला? हो म्हण ना. हो म्हण!"

हो म्हण! माझ्या जिभेवर होतंच ते. साठ वर्षं होतं. हो मास्तर, तुमचीच आहे, माझ्या पणजोबांचं घर तुमच्याच गावात होतं, सांगा पोरींना. पण शेजारी पेपरवाला बसलेला. उद्या छापून येणार, फोटोसकट, आत्याचं नाव घालून. पुण्यात बसून कोण वाचणार ते मला चांगलं ठाऊक होतं. कप जाणार. शिल्पाचा जाणार, प्रियदर्शिनीचा जाणार, त्या बनारसच्या आणि केरळच्या मुलींचा जाणार, आणि प्रणिताचं वर्ष. मास्तरांना सगळं समजावून सांगावं तर तेही 'उलट सांगणं'च झालं, आणि ते पेपरवाल्यासमोर.

"नाही हो," मी म्हटलं. "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही हैदराबादचे. आमचा देगलूरशी काही संबंध नाही."

प्रणिता उठून उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली.

पलीकडे, मागे कुठेतरी शाळेची घंटा झाली आणि मुलींचा गलका सुरू झाला. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल. चिडायला हवा होता. मी त्याच्या जागी असते तर चार शब्द सुनावले असते, एवढं नाव लावता आणि नाही म्हणता म्हणून.

"असं होय," नामदेवराव म्हणाले. "माफ करा बाई, सकाळच्या पारी त्रास दिला. आडनावावरून वाटलं." आणि मग अगदी आपलेपणाने, "असू द्या. कुठली का असंना, पोरगी खेळली मात्र लय भारी. आमच्या पोरी तिचंच बघून शिकायल्यात. तिला सांगा."

फोन ठेवला त्यांनी. या सबंध महिन्यात, तीन माणसांच्या समितीपासून मुकुंदरावांपर्यंत, 'कुठली का असंना' म्हणणारा हा एकच माणूस मला भेटला. आणि खोटं बोलले मी ते नेमकं त्याच्याशी.